व्हेल शार्कचा ठावठिकाणा

व्हेल शार्कच्या वास्तव्याचा जगाचा नकाशा पाहिला, तर विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना एक रुंद पट्टा रंगवलेला दिसतो. उत्तरेला साधारण ३० अंश अक्षांश, दक्षिणेला ३५. भूमध्य समुद्र वगळला, तर उबदार पाण्याचा जवळजवळ प्रत्येक समुद्र त्यात येतो. नकाशा चुकीचा नाही, पण त्याच्या भरवशावर मासा शोधायला निघालेल्याच्या हाती फारसं काही लागणार नाही. अँड्र्यू स्मिथ यांनी १८२८ मध्ये केपटाउनजवळच्या टेबल उपसागरात सापडलेल्या नमुन्यावरून या माशाचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षं गेली, तरी १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत जगभरातल्या खात्रीच्या नोंदी साडेतीनशेच्या आतच होत्या. अठरा मीटरपर्यंत वाढणारा, पृष्ठभागाशी संथपणे पोहणारा, अंगभर पांढरे ठिपके मिरवणारा जगातला सर्वांत मोठा मासा इतका दुर्मीळ का वाटत होता? कारण तो त्या पट्ट्यात सारखा पसरलेला नाही. तो मोजक्या ठिकाणी, वर्षातल्या मोजक्या आठवड्यांत गोळा होतो आणि मग दिसेनासा होतो. माझं म्हणणं असं की, पाण्याचं तापमान या माशाच्या घराची फक्त कुंपणभिंत घालतं. भिंतीच्या आत तो कुठे असेल ते प्रवाह, वारे, समुद्रतळाचा उतार आणि या तिघांमुळे तयार होणारी अन्नाची गर्दी ठरवते. ही गर्दी ठरावीक वेळी होते आणि वेळ संपली की मोडते. म्हणून या माशाच्या घरासाठी नकाशाइतकंच वेळापत्रकही लागतं, आणि संरक्षणाचे आपले बहुतेक उपाय एकट्या नकाशावर उभे आहेत.

आधी तापमानाचं पाहू, कारण त्याचा पुरावा भक्कम आहे. हिंदी महासागरात ट्यूना पकडणाऱ्या जहाजांच्या नोंदवह्यांत व्हेल शार्क दिसल्याची नोंद होत असते. १९९१ ते २००७ या काळातल्या अशा नोंदींचा अभ्यास आना सेकेइरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला, तेव्हा बहुसंख्य मासे पृष्ठभागाचं तापमान २६.५ ते ३० अंश सेल्सिअस असलेल्या पाण्यात दिसल्याचं आढळलं. त्याहून बोलका दाखला उत्तर अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांचा आहे. ही बेटं जवळपास ३८ अंश उत्तरेला, म्हणजे रंगवलेल्या पट्ट्याच्या बाहेर. तिथल्या ट्यूना होड्यांवर निरीक्षक असत आणि त्यांच्या नोंदींत व्हेल शार्क क्वचितच येई. २००८ पासून मात्र तो दिसण्याचं प्रमाण एकदम वाढलं. त्याच सुमारास उन्हाळ्यात २२ अंशांच्या पाण्याची सीमा उत्तरेकडे सरकून बेटांपर्यंत पोहोचू लागली होती. भिंत सरकली आणि मासाही सरकला. थंड रक्ताच्या प्राण्याबद्दल याहून स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो.

यावर लगेच एक आक्षेप येतो. हाच मासा खोल बुडी मारतो, तेव्हा तापमानाचं काय? मेक्सिकोच्या आखातात उपग्रह-टॅग लावलेला एक व्हेल शार्क १,९२८ मीटर खोल गेल्याची नोंद आहे, आणि तिथलं पाणी चार-पाच अंशांचं असतं. शिवाय कतारच्या अल शाहीन तेलक्षेत्रात उन्हाळ्यात पृष्ठभागाचं पाणी तिशीच्या बरंच वर जातं आणि नेमके तेव्हाच तिथे व्हेल शार्क शंभराच्या घरात जमतात. मग २६.५ ते ३० या आकड्यांना अर्थ काय? माझ्या मते आक्षेप खरा आहे, पण त्याने तापमानाचं महत्त्व कमी होत नाही, त्याचं काम कोणतं ते मात्र नेमकं कळतं. एवढं अवाढव्य शरीर थंड पाण्यात हळूहळू निवतं आणि पृष्ठभागी आल्यावर हळूहळूच तापतं. जपानी संशोधकांनी मोकळ्या समुद्रातल्या व्हेल शार्कच्या स्नायूंचं तापमान मोजून हे दाखवलं आहे. ऑस्ट्रेलियाच्या निंगालू किनाऱ्यावर टॅगच्या नोंदींतून दिसलं की लांब, थंड बुड्यांनंतर मासे पृष्ठभागाशी जास्त वेळ काढतात, जणू अंग शेकून घेतात. म्हणजे उबदार पृष्ठभाग ही त्याची शेकोटी आहे. शेकोटी जवळपास असली की तो थंडीत काम करून येऊ शकतो, आणि अन्न मुबलक असेल तर थोडा जास्त उकाडाही सोसतो. शेकोटीच नसेल तिथे मात्र तो टिकत नाही. तापमान परवानगी देतं, बोलावत नाही.

बोलावतं ते अन्न, आणि इथे या माशाच्या शरीराचा हिशेब समजून घ्यायला हवा. तो पाणी गाळून खातो. मेक्सिकोच्या युकातान किनाऱ्यावर फिलिप मोटा आणि सहकाऱ्यांनी अंदाज मांडला की सुमारे सहा मीटरचा मासा तासाला सहाशेहून अधिक घनमीटर पाणी कल्ल्यांतून गाळतो आणि दिवसाचे साडेसात तास पृष्ठभागाशी खाण्यात घालवतो. दिवसाकाठी पोटात जातात जेमतेम वीस-एकवीस किलो प्लवक. एवढं पाणी उपसायला ताकद लागते. पाण्यात प्लवक विरळ असेल, तर गाळण्यात खर्च होणारी ऊर्जा मिळणाऱ्या ऊर्जेपेक्षा जास्त भरते. उष्णकटिबंधातला निळाशार, नितळ समुद्र पर्यटकाला रम्य वाटतो, पण व्हेल शार्कच्या दृष्टीने तो बहुतांशी उपासमारीचा मुलूख आहे. या माशाला सरासरीने समृद्ध असलेला समुद्र पुरत नाही. त्याला थोड्या जागेत, थोड्या वेळात दाटलेलं अन्न हवं.

जगातल्या त्याच्या प्रसिद्ध जमावांची यादी काढली तर प्रत्येकामागे अशीच एखादी दाटी सापडते. मध्य अमेरिकेतल्या बेलीझच्या ग्लॅडन स्पिट इथे मार्च ते जून या महिन्यांत पौर्णिमेच्या पुढेमागे स्नॅपर जातीचे मासे हजारोंनी जमून अंडी सोडतात आणि व्हेल शार्क त्या अंड्यांच्या ढगात तोंड उघडून शिरतात. चंद्र कलता झाला की अंडी संपतात आणि शार्कही पांगतात. युकातानजवळ ऑगस्ट २००९ मध्ये विमानातून केलेल्या एका पाहणीत सुमारे अठरा चौरस किलोमीटरच्या तुकड्यात ४२० व्हेल शार्क मोजले गेले. तिथेही ट्यूनाच्या कुळातल्या एका माशाची अंडीच कारणीभूत होती. कतारमध्येही तेच, फक्त अंडी कुप्याच्या जातीची. टांझानियाच्या माफिया बेटाजवळ तो आपल्याकडच्या जवळ्याच्या नात्यातल्या बारीक कोळंब्यांवर ताव मारतो, तर ख्रिसमस बेटावर लाल खेकड्यांची पिल्लं समुद्रात उतरतात तेव्हा हजर होतो. जागा वेगळ्या, भक्ष्य वेगळं, महिने वेगळे. तापमानही सगळीकडे सारखं नाही. सारखी आहे ती दाटी आणि तिची वेळ. फिलिपिन्समधल्या ओस्लोबचं उदाहरण तर नकळत झालेला प्रयोगच म्हणावं लागेल. पर्यटकांसाठी तिथे माशांना रोज हाताने कोळंबी चारली जाते, आणि एरवी ये-जा करणारे काही शार्क तिथे महिनोन्‌महिने ठाण मांडून राहतात. समुद्राची परिस्थिती तीच राहिली. फक्त ताट रोज वाढलं गेलं. मला हा प्रकार माशाच्या हिताचा वाटत नाही, पण त्यातून जे सिद्ध होतं ते नाकारता येत नाही.

मग ताट कुठे वाढलं जाईल हे कोण ठरवतं? यातला पहिला भाग समुद्रतळाचा आहे. २०१८ मध्ये जगभरच्या किनारी जमावांची तुलना झाली तेव्हा दिसलं की बहुतेक ठिकाणी उथळ समुद्रबूड जमिनीला लागूनच खंडान्त उतार तीव्रपणे खाली जातो. असा कडा व्हेल शार्कला दोन स्वयंपाकघरांच्या मधल्या उंबऱ्यासारखा उपयोगी पडतो. एका बाजूला किनाऱ्यावरची अंडी आणि कोळंब्या, दुसऱ्या बाजूला खोल पाण्यातलं प्राणीप्लवक, आणि वर शेकोटी. मोझांबिक आणि दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या माशांच्या पोटातलं अन्न आणि शरीरातली मेदाम्लं तपासली, तेव्हा त्यांच्या आहारात तळालगतच्या आणि खोल पाण्यातल्या जीवांचा मोठा वाटा निघाला. पृष्ठभागावर खाताना दिसणारा मासा म्हणजे त्याच्या आयुष्याची आपल्याला दिसणारी बाजू, एवढंच.

दुसरा भाग वाहत्या पाण्याचा. गॅलापागोस बेटांवरून टॅग लावून सोडलेले मोठे मासे प्रशांत महासागरात भरकटत गेले नाहीत. थंड आणि उबदार पाणी जिथे एकमेकांना भिडतं, त्या विषुववृत्तीय सीमारेषेला धरून ते शेकडो किलोमीटर गेले. अशा सांध्यांवर प्लवक दाटतं. निंगालूत मार्च-एप्रिलमध्ये प्रवाळांची अंडी सुटतात आणि मासे येतात. पण दरवर्षी सारखे येत नाहीत. ला निनाच्या वर्षांत, तिथल्या किनाऱ्याने वाहणारा लीउविन प्रवाह जोरात असताना, तिथे ते जास्त दिसल्याचं अभ्यासांत आढळलं आहे. हजारो किलोमीटरवरच्या प्रशांत महासागरातले वारे बदलले की ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरची शार्कची हजेरी बदलते, हे या विषयातल्या मला सर्वांत विलक्षण वाटणाऱ्या निष्कर्षांपैकी एक आहे. माशाचा पत्ता खरोखर वाऱ्याच्या हातात आहे.

आता आपल्या समुद्राकडे येऊ, कारण अरबी समुद्रात ही साखळी जितकी स्वच्छ दिसते तितकी फार कमी ठिकाणी दिसते. आपल्या किनाऱ्यावर हा मासा सर्वाधिक दिसतो तो सौराष्ट्रात, वेरावळ, सुत्रापाडा, मांगरोळ या पट्ट्यात. हंगाम साधारण डिसेंबर ते मे, भर मार्चनंतर. का? उत्तर हिवाळ्यापासून सुरू होतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तरेकडून येणारे कोरडे, गार वारे अरबी समुद्राच्या उत्तर भागावरून वाहतात. पाण्याची वाफ होते, पृष्ठभाग थंड आणि खारट होतो, जड झालेलं पाणी खाली बसतं आणि खालचं पोषक क्षारांनी भरलेलं पाणी वर येऊन मिसळतं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले एम. मधुप्रताप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ही यंत्रणा मांडली, तेव्हा उष्ण कटिबंधातला हा समुद्र ऐन हिवाळ्यात हिरवा का होतो, या कोड्याचं उत्तर मिळालं. क्षार वर आले की वनस्पतीप्लवक फोफावतं, त्यावर प्राणीप्लवक वाढतं, त्यामागे लहान मासळी येते. आणि मार्च-एप्रिलमध्ये ऊन चढून पृष्ठभाग पुन्हा व्हेल शार्कला मानवणारा होतो, तेव्हा हिवाळ्याने शिजवलेलं ताट तयार असतं. परवानगी आणि आमंत्रण एकाच वेळी मिळण्याचा हा काळ आहे. सौराष्ट्रातले मच्छीमार तो शास्त्रज्ञांच्या आधीपासून ओळखत होते. लाकडी होड्यांना लावायच्या तेलासाठी याच महिन्यांत गळाला पिंपं बांधून ते या माशाची शिकार करत; पिंपावरूनच त्याचं नाव तिथे ‘बॅरल’ पडलं. पुढे १९९० च्या दशकात परदेशातून मांसाला मागणी आली आणि शिकार वाढली. माइक पांडे यांच्या ‘शोर्स ऑफ सायलेन्स’ या २००० मधल्या माहितीपटाने ही कत्तल जगासमोर आणली. २००१ मध्ये केंद्र सरकारने व्हेल शार्कला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातलं. २००४ पासून वनखातं, वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया आणि टाटा केमिकल्स यांची मोहीम चालू झाली. मोरारी बापूंनी त्याला ‘व्हाली’, म्हणजे माहेरी आलेली लाडकी लेक, असं नाव दिलं, आणि जाळी कापून सोडलेल्या माशांची संख्या नऊशेच्या पुढे गेली.

इथे सावध वाचक विचारेल, आणि त्याने विचारावंच, की हे सगळे निष्कर्ष माणसं जिथे असतात तिथल्या नोंदींवर नाहीत का? पावसाळ्यात गुजरात-महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर व्हेल शार्क दिसत नाही. पण जून-जुलैत मासेमारीच बंद असते, मग दिसणार कुणाला? हा आक्षेप या संपूर्ण क्षेत्राला लागू आहे आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. माफिया बेटाजवळ असंच घडलं. वर्षातले काही महिने मासे निघून जातात असं वाटत होतं. मग त्यांना ध्वनी-टॅग लावले आणि कळलं की ते तिथेच असतात, फक्त किनाऱ्यापासून थोडे दूर आणि खोल जातात, म्हणून दिसत नाहीत. शिवाय किनारी जमावांत बहुतेक ठिकाणी अल्पवयीन नर जास्त असतात. प्रौढ माद्या कुठे असतात हा प्रश्न अजून बहुतांशी उघडा आहे. गॅलापागोसला दिसणाऱ्या अवाढव्य माद्या गाभण असाव्यात असं वर्षानुवर्षं मानलं गेलं, पण पाण्याखाली केलेल्या सोनोग्राफीतून त्याला दुजोरा मिळाला नाही. १९९५ मध्ये तैवानजवळ पकडलेल्या एका मादीच्या पोटात तीनशे पिल्लं निघाली, यापलीकडे त्यांच्या प्रसूतीविषयी आपल्या हाती फारसं नाही. म्हणजे आपण ज्याला व्हेल शार्कचा नकाशा म्हणतो तो खरं तर वयात येणाऱ्या नरांच्या खाणावळींचा नकाशा आहे. माझ्या म्हणण्याला यामुळे मर्यादा पडते, हे मी मान्य करतो: अन्नाची दाटी जागा ठरवते, हे या वयाच्या माशांबद्दल खात्रीने म्हणता येतं, सगळ्यांबद्दल नाही. पण आक्षेपातून उलटा निष्कर्ष निघत नाही. ट्यूना जहाजांच्या नोंदी किनाऱ्यापासून दूरच्या आहेत, टॅगना माणसाच्या डोळ्याची गरज नाही, आणि दोन्हींतून दिसणारं चित्र तेच आहे.

दुसरा आक्षेप असा की हा मासा महासागर ओलांडतो, मग त्याला स्थानिक परिस्थितीशी का बांधायचं? पनामाजवळ टॅग लावलेली ‘अ‍ॅन’ नावाची मादी ८४१ दिवसांत वीस हजार किलोमीटरहून अधिक अंतर कापून मारियाना खंदकापर्यंत गेल्याची नोंद आहे. ती खरी आहे, पण एका मादीच्या प्रवासावरून कुळाची रीत ठरवणं धाडसाचं होईल. पश्चिम हिंदी महासागरात मोझांबिक, टांझानिया आणि कतार इथल्या अल्पवयीन माशांच्या ठिपक्यांची छायाचित्रं आणि त्वचेतली समस्थानिकं ताडून पाहिली, तेव्हा या जमावांची आपसात सरमिसळ फारच थोडी निघाली. जनुकं सांगतात की पिढ्यान्‌पिढ्यांच्या मापाने हिंदी-प्रशांत महासागरातले मासे एकमेकांत मिसळतात. समस्थानिकं सांगतात की एका माशाच्या आयुष्यातली काही वर्षं तो आपल्याच भागाला धरून राहतो. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

या सगळ्याला आज घाई आली आहे, कारण वेळापत्रक लिहिणारे वारे आणि प्रवाहच बदलत आहेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या अभ्यासानुसार १९०१ ते २०१२ या काळात पश्चिम हिंदी महासागर उन्हाळ्यात सुमारे १.२ अंशांनी तापला, आणि गेल्या सहा दशकांत तिथलं वनस्पतीप्लवक काही भागांत वीस टक्क्यांपर्यंत घटलं. तापलेलं पाणी वर हलकं होऊन बसतं, खालचे क्षार वर येऊ देत नाही. ज्या हिवाळी मिसळणीवर सौराष्ट्राचं ताट शिजतं तिच्यावरच हा घाला आहे. त्याच उत्तर अरबी समुद्रात या शतकाच्या सुरुवातीपासून हिवाळ्यात नॉक्टिलुका नावाच्या जीवाचा फुलोरा वाढला आहे. त्याच्यामुळे कोकणात रात्री लाटा निळ्या चमकतात तेव्हा लोक ते पाहायला जातात. दिसायला सुंदर, पण हा जीव खाणारे थोडे, आणि व्हेल शार्कच्या ताटाचा पाया असलेल्या सूक्ष्म शैवालाची जागा तो घेतो. वर उकाडा, खाली ऑक्सिजन नसलेल्या पाण्याचा थर, आणि मधल्या थरात अन्न बदललेलं. अरबी समुद्रातल्या माशासाठी भिंती चारही बाजूंनी आत सरकत आहेत, असं मला वाटतं.

फ्रेया वोमर्सली आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये जगभरच्या टॅगच्या आधारे अंदाज मांडला की उत्सर्जन असंच चालू राहिलं, तर शतकाअखेर काही देशांच्या समुद्रातला व्हेल शार्कचा निम्म्याहून अधिक मुख्य अधिवास जाईल, आणि नव्या जागी सरकलेल्या माशांची गाठ मोठ्या जहाजांशी कितीतरी पटींनी जास्त पडेल. याच गटाने २०२२ मध्ये दाखवलं होतं की पृष्ठभागाशी पोहणाऱ्या या माशांच्या नव्वद टक्क्यांहून अधिक हालचाली आजच जहाजवाहतुकीच्या सावटाखाली होतात. धडक बसून मेलेला मासा तळाला जातो. कुणाला दिसत नाही, कुठे मोजला जात नाही. ‘मासे कमी दिसतात ते दुसरीकडे गेले असतील’ असं म्हणणाऱ्यांनी मोझांबिकच्या तोफोचं उदाहरण पाहावं. २००५ ते २०११ या काळात तिथे व्हेल शार्क दिसण्याचं प्रमाण ७९ टक्क्यांनी घसरलं, आणि वारा, प्रवाह, प्लवक यांतले बदल हिशेबात धरल्यावरही घसरण शिल्लक राहिली. समुद्र बदलला हे कारण प्रत्येक वेळी पुरत नाही, आणि त्याच्या आड लपू नये. २०१६ पासून हा मासा संकटग्रस्तांच्या यादीत आहे. हिंदी-प्रशांत महासागरातली त्याची संख्या ७५ वर्षांत ६३ टक्क्यांनी घटल्याचा अंदाज त्यामागे आहे. पाकिस्तानच्या किनाऱ्यावर २०१२ मध्ये मिळालेल्या दहा मीटरच्या मादीच्या मणक्यातला किरणोत्सारी कार्बन मोजल्यावर तिचं वय पन्नास निघालं. इतक्या संथ आयुष्याच्या माशाची भरपाई दशकांत होत नाही.

म्हणून मला वाटतं, अरबी समुद्रात पुढचं काम वेळापत्रकाचं आहे. जाळ्यात अडकलेला मासा सोडणाऱ्या मच्छीमाराला गुजरातमध्ये आणि २०१८ पासून महाराष्ट्रात वनखात्याच्या कांदळवन कक्षाकडून जाळ्याची भरपाई मिळते, आणि ही योजना टिकायलाच हवी. पण कच्छच्या आखातापासून मुंबईपर्यंतचे जहाजमार्ग मार्च-एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये सारखेच असण्याचं कारण नाही. हिवाळ्यात समुद्र किती थंड झाला, प्लवक कुठे दाटलं, हे उपग्रहांवरून आज आठवड्यागणिक कळतं. हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राकडून मच्छीमारांना संभाव्य मासळीची ठिकाणं रोज कळवली जातात, तीही याच माहितीच्या आधारे. मासळी शोधायला जे ज्ञान आपण वापरतो तेच त्या काही आठवड्यांपुरता जहाजांचा वेग कमी करायला वापरावं, ही मागणी बंदर प्रशासनांकडे आणि जहाजवाहतूक खात्याकडे मच्छीमार संघटनांनी आणि वाचकांनी लावून धरावी.